अवकाशात जाऊन आलेली पहिली वस्तू कोणती घ्यावी: कव्हर, टाइल की अपोलोची फॉइल?

नाशिकमध्ये बसून आपल्या संग्रहासाठी अवकाशात जाऊन आलेली पहिली वस्तू मागवायची, तर तीन पर्याय समोर येतात: स्पेस शटलच्या एसटीएस-८ मोहिमेवर गेलेलं टपाल कव्हर (तिकीट लावलेलं, शिक्का मारलेलं पाकीट), स्पेस शटलची उष्णतारोधक टाइल आणि अपोलोच्या कमांड मॉड्यूलवरून, म्हणजे अंतराळवीर ज्यातून पृथ्वीवर परतत त्या भागावरून, निघालेला कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या फॉइलचा तुकडा. किमतींत फरक आहेच, पण निवड करावी ती पुराव्यावरून. ही वस्तू खरंच वर गेली होती हे कशावरून कळणार?

फसवणुकीला सर्वांत जास्त वाव फॉइलमध्ये आहे. नखाएवढा तुकडा ॲक्रिलिकमध्ये बसवून प्रमाणपत्रासह विकला जातो. पण कॅप्टॉन दुर्मीळ नाही. मोबाइल दुरुस्तीवाला उष्णता सोसणारी जी पिवळसर टेप वापरतो, ती कॅप्टॉनचीच. प्रयोगशाळा पदार्थ ओळखेल, प्रवास नाही. म्हणून यान समुद्रात उतरल्यावर तुकडा कोणी काढला आणि पुढे कोणाकोणाच्या हातून आला, याची सलग कागदपत्रं मागावीत. फक्त विक्रेत्याच्या सहीचं प्रमाणपत्र पुरेसं नाही. आणखी एक खूणगाठ: ‘चंद्रावर जाऊन आलेली लुनार मॉड्यूलची सोनेरी फॉइल’ असं लिहिलेलं दिसलं की तिथेच थांबावं. ज्या लुनार मॉड्यूलमधून माणसं चंद्रावर उतरली, त्यांतलं एकही पृथ्वीवर परतलं नाही.

टाइलचं तसं नाही, ती बरंच काही स्वतःच सांगते. काळ्या पृष्ठावर भागक्रमांक असतो, बहुधा ‘व्ही०७०’ने सुरू होणारा. जलरोधक रसायन सुईने आत सोडण्यासाठीचं बारीक छिद्र आणि तळाला लाल सिलिकॉन किंवा फेल्टचे अवशेष दिसले, तर टाइल यानावर बसवली होती असं मानता येतं. मात्र बसवलेली प्रत्येक टाइल अवकाशात गेलीच असं नाही. यान आणि मोहीम सांगणारा कागद लागतोच. टाइल कापून केलेले चौकोनी तुकडे स्वस्त पडतात, तरी घेऊ नयेत. क्रमांक गेला की पुरावा गेला.

सांभाळायला मात्र टाइल नाजूक. सिलिका तंतूंचा हा ठोकळा इतका हलका (घनमीटरला सुमारे १४४ किलो) की उघड्या बाजूवर अंगठ्याने दाबलं तरी खड्डा पडतो. परतीच्या उष्णतेत आतलं जलरोधक रसायन जळून जातं, त्यामुळे नाशिकच्या आषाढ-श्रावणात ती ओलावा ओढते. धुऊ नये, घासू नये. तिची धूळ श्वासात जाणं वाईट. झाकणाच्या पेटीत सिलिका जेलसह ठेवावी.

पहिल्या खरेदीसाठी आमचं मत कव्हरच्या बाजूने आहे. ऑगस्ट १९८३मध्ये एसटीएस-८ मोहिमेत चॅलेंजर या स्पेस शटलने सुमारे २ लाख ६० हजार कव्हरं वर नेली आणि अमेरिकी टपाल खात्याने ती प्रत्येकी १५.३५ डॉलरला विकली. पुरवठा भरपूर असल्याने नकली बनवण्यात फायदा नाही. ९.३५ डॉलरचं गरुड-चंद्राचं तिकीट पाहून घ्यावं. शिवाय याच उड्डाणात आपला इन्सॅट-१बी उपग्रह सोडला गेला; भारतीय संग्राहकाला याहून जवळचं काय हवं? तिकिटं जिथे छापली जातात त्या नाशिक रोडच्या शहरात जाणकार तिकीटसंग्राहक शोधणंही अवघड नसावं. पीव्हीसीचं पाकीट टाळून पॉलिएस्टरचं वापरावं, कव्हर उभं ठेवावं. दमट हवेत तिकिटाचा डिंक चिकटतो.

सोयूझ या सोव्हिएत यानांच्या वस्तूंबाबत एवढंच: ‘राकेश शर्मांबरोबर सोयूझ टी-११मधून परतलेली’ असा दावा चुकीचा. ते टी-११मधून गेले, पण ११ एप्रिल १९८४ला परतले टी-१०मधून.

मागवताना बीजकावर वस्तूचं वर्णन, मोहीम आणि खरी किंमत लिहून घ्यावी. कव्हर सीमाशुल्काच्या ९७०४ शीर्षकाखाली येतं. टाइल किंवा फॉइल ऐतिहासिक संग्रहवस्तू म्हणून येत असेल तर ९७०५ खाली. विक्रेता ‘भेटवस्तू’ लिहून किंमत कमी दाखवतो म्हणाला, तर नकार द्यावा: पार्सल सीमाशुल्कात अडकू शकतं, आणि हरवलं तर विमा लिहिलेल्या किमतीपुरताच मिळतो.