पत्ता हाती, पेठ कुठली? मॅप्स, डीएलअ‍ॅडर की जीडीबी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात लूमचे आकडे गोळा करणारा आमचा प्रोग्राम एका रात्री कोसळला. लॉगमध्ये उरला फक्त मेमरीतला एक लांबलचक पत्ता; तो कुठल्या लायब्ररीतला (प्रोग्रामने वापरलेल्या तयार कोडच्या फाइलीतला) ते शोधायचं होतं. घर नंबर आहे, पण साखर पेठेतला की भवानी पेठेतला ते कळेना, अशी गत. सकाळी मी नव्याने सुरू झालेल्या प्रोसेसची (चालू प्रोग्रामची) मॅप्स फाइल, म्हणजे मेमरीत कुठे काय बसलंय याची यादी, उघडली, पत्ता जुळवला आणि भलत्याच लायब्ररीवर खापर फोडलं. लिनक्स दर वेळी लायब्ऱ्या नव्या जागी बसवतो, हे डोक्यातून गेलंच होतं.

प्रोसेस जिवंत असेल, तर लिनक्सच्या प्रोक (/proc) फोल्डरमधली तिची मॅप्स फाइल हाच माझा पहिला पर्याय. एकेका ओळीत मेमरीच्या एका तुकड्याची सुरुवात, शेवट, परवानग्या, ऑफसेट (तो तुकडा फाइलमध्ये कुठून सुरू होतो) आणि फाइलचा पाथ. हीप नि स्टॅक या प्रोग्रामच्या डेटाच्या जागासुद्धा दिसतात. शेवटचा पत्ता मात्र त्या तुकड्यात धरायचा नाही. समजा ओळ २८००० ला सुरू होते, ऑफसेट २००० आणि आपला पत्ता २९१५०. सगळे आकडे हेक्समधले (सोळाच्या पायावरचे), पुढचे अंक गाळून. वजाबाकी ११५०, त्यात २००० मिळवले की फाइलमधली जागा ३१५०. पत्त्यावरून कोडची ओळ सांगणाऱ्या अ‍ॅडरटूलाइनला तो आकडा देण्याआधी त्या सेगमेंटचा (फाइलच्या त्या भागाचा) पत्ता आणि ऑफसेट एकच आहेत ना, ते फाइलची रचना दाखवणाऱ्या रीडएल्फमध्ये बघा. नसतील तर तेवढा फरक धरावा लागतो. पाथपुढे ‘डिलीटेड’ दिसलं, तर मेमरीतली फाइल डिस्कवरच्या त्या नावाखाली आता नाही. बहुतेक वेळा कुणीतरी मध्येच अपडेट मारलेला असतो.

पीमॅप (कमांड) हीच माहिती देतो, पण शेवटाऐवजी आकार दाखवतो. बेरीज तुमची तुम्ही करायची.

डीएलअ‍ॅडर फंक्शन फाइलचं नाव, बेस (ती फाइल मेमरीत जिथून सुरू होते तो पत्ता) आणि त्या पत्त्यावरचं सिम्बॉल (फंक्शनचं वगैरे नाव) एका फटक्यात देतं, पण फक्त स्वतःच्या प्रोसेसमध्ये आणि लोडरने चढवलेल्या फाइलींपुरतंच. हीपचा किंवा एममॅप केलेल्या (मेमरीत जोडून घेतलेल्या) डेटा फाइलचा पत्ता दिलात, तर हात हलवत परत. स्टॅटिक (फाइलबाहेर नाव न दिसणारं) फंक्शन असेल, तर सिम्बॉलचं नाव बहुधा रिकामंच येतं. शिवाय सिग्नल हँडलरमधून (कोसळताना चालणाऱ्या फंक्शनमधून) ते बोलावणं सुरक्षित नाही.

जीडीबी हा डीबगर जोडला की प्रोसेस थांबते, त्यामुळे शिफ्ट चालू असताना मी त्याच्या वाटेला जात नाही. कोअर फाइल (कोसळताना घेतलेली मेमरीची नक्कल) हाताशी असेल, तर मात्र त्याच्यासारखा दुसरा नाही.

सेकंदाला हजारो पत्ते शोधायचे असतील, तर कर्नल ६.११ पासून मॅप्स फाइलवरच आयओसीटीएल (कर्नलला थेट विनंती) करून नेमका पत्ता विचारता येतो. मजकूर पार्स करत बसायला नको.

कारखान्यात कोअर साठवायला डिस्क नव्हती. म्हणून आता आमचा हँडलर साध्या ओपन, रीड, राइटने मरता मरता स्वतःची मॅप्स फाइल लॉगमध्ये उतरवतो. पुढच्या क्रॅशचा पत्ता सिरीयल पोर्ट वाचणाऱ्या लायब्ररीत निघाला.