भाड्याच्या घरात स्वखर्चाने बसवलेला आरसीसीबी: ९ महिन्यांनंतर

परवा पहाटे सव्वापाचला गिझरचं बटण दाबलं आणि घर अंधारात. टॉर्च घेऊन डीबीपाशी (मेन स्विचच्या डब्यापाशी) गेलो, तर एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे स्विच, सगळे वर, पडलेला हा आरसीसीबी एकटाच: करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच. म्हटलं, आता याच्यावर लिहायलाच हवं.

माल नेहमीचाच: दोन पोल, ४० अँपियर, ३० मिलिअँपियर. दुकानात आपण जुन्या नावाने ईएलसीबी मागतो, हातात आरसीसीबी येतो. नाशिकात रविवार कारंज्याजवळ २,१५० ला मिळाला, वायरमनचे ४००. एकूण २,५५० रुपये, तेही दुसऱ्याच्या घरात. हा आकडा पुढे परत येणार आहे, सहन करा.

पाथर्डी फाट्याजवळ भाड्याने राहतो. डिसेंबरात अंघोळीच्या वेळी नळाला हात लावला की मुंग्या यायच्या. बायको म्हणायची, थंडीने येत असतील. मग एके दिवशी मुलगी किंचाळत बाहेर आली. वायरमनने गिझरचा सॉकेट उघडला, तर आत हिरवी वायर कापून, टेप गुंडाळून मागे कोंबलेली. म्हणजे अर्थिंगची पिन होती, तिच्यामागे काहीच नव्हतं.

मालकांना फोन केला. “काका, गिझरला अर्थिंगच नाहीये.”

“अहो, आधीचे लोक चार वर्षं राहिले, एक तक्रार नाही. वापर तुमचा, काळजी तुमची.”

मग वायरमनकडून हिरवी वायर जोडून घेतली आणि हा बसवला. एमसीबी शॉर्टसर्किट आणि जादा लोड बघतो. माणसाला झटका बसला तर त्याला पत्ताही लागत नाही. त्यासाठी हाच लागतो.

जुलैत मात्र मी याच्यावर भयंकर चिडलो होतो. तेव्हा लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता. पाऊस लागला की पडायचा. फ्रिज बंद, दूध नासलं, एकदा तर बायकोची ऑफिसची मीटिंग मध्येच तुटली. दुकानदाराला पीस बदलून मागायला गेलो, तो म्हणाला, आधी वायरिंग तपासा. मला वाटलं, टोलवतोय. वायरमनने मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून एकेक लाइन तपासली आणि बाल्कनीतल्या वॉशिंग मशिनच्या बोर्डापाशी थांबला. झाकण काढल्यावर आतून चक्क पाणी सांडलं. गच्चीचं लिकेज भिंतीतल्या पाइपातून तिथे उतरत होतं. बिचारा आरसीसीबी खरं सांगत होता आणि मी त्यालाच शिव्या घालत होतो. ती लाइन तेवढी बंद करून ठेवलीय. गच्ची सोसायटीची म्हणून मालक गप्प, फ्लॅट मालकाचा म्हणून सोसायटी गप्प.

एक कबुली. त्या मशिनला मी स्वतः दोन पिनचा अडॅप्टर लावला होता, कारण तीन पिनवाला सॉकेट सैल होता. ४० रुपयांत भागवलं. म्हणजे ‘काळजी तुमची’ हे काकांचं बोलणं अगदीच खोटं नाही. पण भिंतीच्या आतली वायर मी बघणार कशी? महावितरणची जबाबदारी मीटरपर्यंत, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. तो ‘ज्याचा तो’ पुण्यात राहतो.

कायदाही चाळला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९: कलम १४ प्रमाणे घर दुरुस्त ठेवायचं मालकाने. त्याने नाही केलं तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून कापायचा, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. माझे २,५५० त्यात आरामात बसले असते. पण आपला ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स! त्यात आपण भाडेकरू नसतोच, परवानाधारक असतो. कलम १४ त्याच्यासाठी नाही. कलम ५५ मात्र लागू आहे: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नाहीतर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड. म्हणून करार झाला. माझा अंगठा, फोटो, आधार, वर पोलीस पडताळणी. माझी सगळी तपासणी झाली. घराची कुणी केली नाही. त्याच नोंदणीला परवानाधारक वायरमनचा एक सही-शिक्क्याचा कागद जोडायला लावला, तर सरकारचं काय जातंय?

आता माझा आवडता विषय: टेस्टचं बटण. दर महिन्याच्या एक तारखेला, भाडं पाठवलं की दाबतो. खट्ट आवाज आला की बरं वाटतं. बायकोच्या मते मला नाद लागलाय. मात्र हे बटण फक्त यंत्र तपासतं. अर्थिंग आहे की नाही, ते त्याला कळत नाही. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरलात तर हा वाचवणार नाही. दुकानदार हे सांगत नाहीत. बटण इतकं बारीक की पेनाच्या टोकाने दाबावं लागतं, हा राग वेगळाच.

परवाचं म्हणाल तर गिझरचं एलिमेंट फुटलं होतं. काकांनी “बघतो” म्हटलंय. त्याचबरोबर नव्या कराराचा मसुदा आलाय. त्यात ५ टक्के भाडेवाढ आणि एक नवं कलम: बसवलेली फिटिंग जाताना काढू नये.

२,५५० द्या, राहू द्या, असं कळवलंय. वायरमनने डीबीत वायर थोडी जास्त सोडलीय, काढला तर लाइन थेट जोडता येईल. मग पुढच्या माणसाचं काय, हा प्रश्न बायकोने विचारला. बिल मी डीबीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलंय.