लोरा सांगून साधं एफएसके मॉड्यूल गळ्यात मारलं

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात माझाही गाढवपणा आहे. पण परवा एकाने फोटो पाठवून विचारलं, हे लोरा मॉड्यूल स्वस्तात मिळतायत, घेऊ का, आणि फोटो बघतो तर तेच! म्हणलं आता लिहूनच टाकू. लोरा म्हणजे कमी बॅटरीत थोडासा डेटा लांबवर पाठवायची रेडिओ पद्धत, आणि एफएसके म्हणजे शून्याला एक आणि एकाला दुसरी फ्रीक्वेन्सी वापरणारी साधी, जवळच्या कामाची पद्धत.

काम तसं साधं होतं. पाण्याची पातळी मोजणारे बॅटरीवरचे नोड, दर पंधरा मिनिटांनी वीसेक बाइटचं एक पॅकेट, अंतर दोन-सव्वादोन किलोमीटर आणि मधे झाडं, इमारती सगळं. अशा कामाला लोराच लागतं हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच फसलो असं आता वाटतं, कारण लिस्टिंगवर "एसएक्स १२७६, सेन्सिटिव्हिटी उणे १४८ डीबीएम, लिंक बजेट १६८ डीबी" असे (म्हणजे चिपचं नाव, किती क्षीण सिग्नल ऐकू येतो, उणे आकडा जितका मोठा तितका क्षीण, आणि वाटेत एकूण किती लॉस चालतो) अगदी बरोबर आकडे होते. बरोबर असणारच हो, डेटाशीटमधून उचललेले होते. आणि तो उणे १४८ वाला आकडासुद्धा कुठला, तर एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर, जितका जास्त तितकं हळू पण लांब) १२ आणि ७.८ किलोहर्ट्झ बँडविड्थचा, जिथे चिपला घड्याळ म्हणून साधा क्रिस्टल पुरत नाही, टीसीएक्सओ, म्हणजे तापमानाने फारसा न सरकणारा क्रिस्टल लागतो. रोजच्या १२५ किलोहर्ट्झला एसएफ १२ वर उणे १३७ च्या आसपास मिळतात. हे मला तेव्हाही माहीत होतं, तरी त्या आकड्याला भुललो.

सोबत व्हिडिओ होता. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर, ७ किलोमीटर, पॅकेटं धडाधड येतायत. मी खूश. आता हिशोब करतो तर हसू येतं, मधे काहीच आडवं नसेल तर ८६८ मेगाहर्ट्झला ७ किलोमीटरचा लॉस १०८ डीबी भरतो, २० डीबीएमने पाठवलं तर पलीकडे उणे ८८ पोचतात, आणि एवढं कुठलंही साधं मॉड्यूल आरामात ऐकतं. आणि ते "धडाधड" तिथेच खटकायला हवं होतं, कारण स्क्रीनच्या कोपऱ्यात एसएफ १२ लिहिलेलं दिसत होतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

चाळीस मॉड्यूल मागवले. टेबलावर सगळे मस्त चालले, बाहेर नेले तर चारशे मीटरला मुके. सेलर म्हणाला अँटेना चुकीचा असेल. मी ८.६ सेंटीमीटरची वायर परत मोजून कापली, ग्राउंड प्लेन बदलली, उंची वाढवली. मग तो म्हणाला, तुम्ही अँटेना न लावता पॉवर दिली असणार, आतली चिप गेली. आणि खरं सांगतो, मला वाटलं दिली असेल बुवा एखाद्या वेळी! दोन आठवडे मी स्वतःलाच शिव्या देत होतो. तोवर नोडसुद्धा पॅकेट पोचत नाही म्हणून परत परत पाठवून बॅटऱ्या रिकाम्या करत होते.

मधे एक चेक मी केला होता, तोही दगा देऊन गेला. लोरा चिपमध्ये हेक्स ०१ (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरचा आकडा) रजिस्टरचा, म्हणजे चिपमधल्या सेटिंगच्या कप्प्याचा, सगळ्यात वरचा बिट लोरा मोड चालू करतो. चिपला झोपवून तिथे हेक्स ८० लिहायचं आणि परत वाचायचं, ८० आलं तर लोरा आहे असं मी धरून चाललो होतो. वाचलं, ८० आलं, शंका मिटली. गंमत अशी की एसएक्स १२३१ नावाची जी एफएसके चिप आहे तिच्यातही त्याच रजिस्टरचा तोच बिट लिहिता येतो, फक्त त्याचा अर्थ तिथे वेगळा, सीक्वेन्सर बंद करणे. म्हणजे तीही इमानदारीत ८० च परत देते.

पकडलं ते घड्याळाने. एका रात्री करंट बघायला ऑसिलोस्कोप लावला होता, ट्रान्समिटची उडी पडद्यावर दिसली, रुंदी मोजली तर पन्नास मिलिसेकंद. एसएफ १२ सेट केलेलं होतं! आता बघा, लोराचा एक सिम्बॉल म्हणजे दोनचा एसएफइतका घात भागिले बँडविड्थ. एसएफ १२ ला ४०९६ भागिले १,२५,०००, म्हणजे जवळजवळ ३३ मिलिसेकंद, नुसत्या एका सिम्बॉलला. वीस बाइटचं अख्खं पॅकेट जायला १.३ सेकंद लागतात. पन्नास मिलिसेकंदात तर त्याचा प्रिअँबलसुद्धा, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीची खूणसुद्धा संपत नाही. एसएफ बदलून ७ केला, परत पन्नास. १० केला, पन्नास.

मग त्यांची लायब्ररी उघडली. "आमचीच लायब्ररी वापरा, दुसरी चालणार नाही" असं त्याने दोनदा बजावलं होतं, का ते तेव्हा कळलं. एसएफ सेट करायचं फंक्शन आलेला आकडा एका व्हेरिएबलमध्ये ठेवत होतं आणि परत जात होतं. बस. चिपला त्याचा पत्ताच नाही. विचारलं तर तोच आकडा परत सांगायचं, माझ्या स्क्रीनवर एसएफ १२ दिसायचं आणि मी समाधानी!

पुढचं पाच मिनिटांचं काम. खऱ्या एसएक्स १२७६ मध्ये हेक्स ४२ रजिस्टर वाचलं की हेक्स १२ येतं, तो तिचा व्हर्जन नंबर. माझ्याकडे शून्य. हेक्स १० वाचलं तर २४, म्हणजे एसएक्स १२३१ च्या घराण्यातली चिप. पत्र्याच्या झाकणावरचा स्टिकर नखाने उचलला तर खाली दुसराच मॉडेल नंबर छापलेला. चिप वाईट नाही बरं का, जवळच्या कामाला उत्तम आहे आणि बनवणाऱ्यांचा यात काही दोष नाही, दोष स्टिकर लावणाऱ्याचा.

खात्रीसाठी एसडीआर डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायचा रेडिओ रिसीव्हर) सिग्नल रेकॉर्ड करून वॉटरफॉल, म्हणजे वेळेनुसार फ्रीक्वेन्सीचं चित्र, झूम करून बघितला. लोराचा चर्प फ्रीक्वेन्सीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जातो, म्हणून तिरक्या रेघा दिसतात, पावसाच्या सरीसारख्या. माझ्याकडे दोन उभे पट्टे होते, शून्याचा एक आणि एकाचा एक. म्हणजे एफएसके. आणि फरक सगळा तिथेच आहे. एफएसके वाचायला सिग्नल नॉइजच्या आठ-दहा डीबी वर असावा लागतो. लोराचा रिसीव्हर आलेल्या चर्पला उलट्या चर्पने गुणतो, एफएफटी (फ्रीक्वेन्सी वेगवेगळ्या करणारं गणित) करतो, आणि अख्ख्या सिम्बॉलभर पसरलेली ताकद एका ठिकाणी गोळा होते, म्हणून एसएफ १२ ला सिग्नल नॉइजच्या २० डीबी खाली, म्हणजे शंभरावा हिस्सा असला तरी वाचता येतो. फुकट नाही मिळत ते, वेळ मोजावा लागतो. एसएफ १२ ला सेकंदाला २९३ बिट, एसएफ ७ ला साडेपाच हजाराच्या जवळ. लांबही जातं आणि धडाधडही जातं असं कोणी दाखवलं की समजायचं काहीतरी गोलमाल आहे.

हे सगळं सेलरला पाठवलं तर म्हणतो, सर हे अल्ट्रा नॅरोबँड आहे, सिगफॉक्सपण असंच चालतं, लोराचाच प्रकार. अरे काय! सिगफॉक्स म्हणजे अगदी अरुंद पट्ट्यावर चालणारं वेगळंच नेटवर्क, त्याचा नोड युरोपात सेकंदाला १०० बिट पाठवतो, तेही बीपीएसके, म्हणजे लहरीची फेज उलटवून, आणि तो कुठे सरकलाय हे शोधायला बेस स्टेशन सगळा बँड ऐकत बसतं. इथे दोन्हीकडे दहा पीपीएमचे (दहा लाखात दहाची चूक) क्रिस्टल धरले तरी एकेक जण ८६८ वर साडेआठ किलोहर्ट्झ इकडेतिकडे होणार, शंभर हर्ट्झच्या फटीत हे एकमेकांना सापडणार कधी? यावर उत्तर नाही आलं. तोवर रिटर्नची मुदतही संपलेली.

मित्राकडून खरी एसएक्स १२७६ ची जोडी उसनी आणली. तीच अँटेना, तेच खांब, तेच कोड जवळपास. सव्वादोन किलोमीटरवरून पहिलंच पॅकेट आलं, एसएनआर उणे १४, म्हणजे सिग्नल नॉइजच्या १४ डीबी खाली. पॅकेटला लागलेला वेळ मोजला, १.३ सेकंद. एवढं हळू काहीतरी बघून इतका आनंद कधी झाला नव्हता.

तुम्ही घेणार असाल तर आधी दोनच मागवा, हेक्स ४२ वाचा, एसएफ ७ आणि १२ ला ट्रान्समिटचा वेळ मोजा, ५७ मिलिसेकंद आणि १.३ सेकंद असा फरक दिसला पाहिजे. स्कोप नसेल तर पाठवायच्या आधीचा आणि ट्रान्समिट संपल्याच्या इंटरप्टचा वेळ प्रिंट करा, पण तुमच्या निवडीच्या लायब्ररीने, त्यांच्या नाही. रेंजची टेस्ट नंतर, आणि व्हिडिओ तर बघूच नका.

माझे चाळीस ड्रॉवरमध्ये आहेत, दोन-चार घरातल्या घरात तापमान पाठवायला लावले. ती लिस्टिंग अजून तिथेच आहे, आकडे तेच, व्हिडिओ तोच, फक्त लोराच्या पुढे आता बारीक अक्षरात "टाइप" असा शब्द आलाय.