हीट पंपाचं गॅस चार्जिंग: बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सर्व्हिसचं काम

हॉट अँड कोल्ड स्प्लिट एसी, म्हणजे थंड-गरम दोन्ही करणारा हीट पंप; गॅस आर-३२. पाइप ८ मीटर. कंपनीने भरलेला गॅस ५ मीटरला पुरतो, पुढे मीटरमागे २० ग्रॅम, असं आउटडोअरच्या (बाहेरच्या युनिटच्या) लेबलवर छापलेलंच असतं. सर्व्हिसच्या पोरांनी ते वाचलं, वजनकाटा मांडला आणि मोजून ६० ग्रॅम सोडला. याबद्दल मनापासून शाबासकी. इन्व्हर्टर मशीनमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, म्हणून प्रेशर सतत हलतं. नुसतं प्रेशर बघून भरलं की गॅस कमी-जास्त होणारच.

गॅस भरण्याआधी गळती तपासायला नायट्रोजन ५०० पीएसआय दाबाला अर्धा तास धरला, जॉइंटना साबणाचं पाणी लावलं. मग पाइपातली हवा आणि ओल काढायला व्हॅक्युम पंप पाऊण तास. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब कमी आणि साध्या गेजचा काटा २७ इंचांच्या (पाऱ्याच्या) आसपासच थांबतो, ३० कधीच दाखवत नाही. काट्यावर ओल कळत नाही, बारीक व्हॅक्युम मोजणारा मायक्रॉन गेजच हवा. यांच्याकडे होता, ५०० मायक्रॉनच्या खाली आणून पंप बंद केला, दहा मिनिटं आकडा चढतो का ते पाहिलं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत हे टाळलं तर पाइपातली ओल तेलात मुरते आणि कॉम्प्रेसर खाते. युनिटचाच गॅस सोडून पाइपातली हवा काढणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

गॅस भरल्यावरच आउटडोअरचे व्हॉल्व्ह उघडले, क्रम बरोबर.

खटकलं ते एवढंच, की टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) नव्हता. पाव इंची पाइपाचा नट १४ ते १८ न्यूटन-मीटरलाच आवळायचा. अंदाजाने जास्त आवळला की फ्लेअर, म्हणजे पाइपाचं पसरवलेलं तोंड, चिरते.