नवी म्हणून गळ्यात मारलेली जुनी सायकल

17,920 रुपये. “नवी कोरी, फक्त गेल्या वर्षीचं मॉडेल” म्हणून 21 गियरची सायकल घेतली, ती निघाली वापरलेली, रंग मारून पुन्हा उभी केलेली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण हातात कच्च्या पावतीशिवाय काही नाही. या लोकांचा धंदा चालतो तोच कच्च्या पावतीवर.

ट्रायल घेतानाच कळायला हवं होतं! उभं राहून पेडलवर जोर दिला की चेन खट्कन उडी मारायची. दुकानदार म्हणाला, “नवी चेन आहे, पन्नास किलोमीटर चालवा, बसेल.” नव्या सायकलच्या गियर केबल सुरुवातीला सैल होतात आणि चेन नीट बसत नाही हे खरं, म्हणून पटलं. पण चेन चालवून बसत नसते. नवी चेन घसरते ती झिजलेल्या फ्रीव्हीलवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर. खाली वाकून मागचे दात पाहिले असते तर एका बाजूला कललेले, टोकदार झालेले दिसले असते. दहा सेकंदांचं काम. पण फ्रेम चकचकीत, टायरवरचे रबराचे केससुद्धा शाबूत, मग फ्रीव्हीलकडे किती गिऱ्हाइकं बघतात?

सायकल उलटी करून बघाच. दोन्ही क्रँकच्या (पेडलच्या दांड्यांच्या) मधल्या नळीखाली फ्रेम नंबर ठोकलेला असतो. इथे तो घासून वरून रंग दिला होता. अशी सायकल चोरीचीही असू शकते.

“अलॉय” फ्रेमला घरी लोहचुंबक चिकटलं, म्हणजे लोखंडच. खिशात चुंबक ठेवा.

किंमत 16,000, वर “12 टक्के जीएसटी” म्हणून 1,920. खरेदी नोव्हेंबर 2025 ची, आणि 22 सप्टेंबरपासून सायकलवर जीएसटी आहे 5 टक्के. म्हणजे 800 च व्हायला हवे होते. पक्कं बिलच नाही, तेव्हा ते 1,920 कुठे गेले हे सांगायला नको. नंतर फ्रीव्हील, चेन, बीबी (क्रँकच्या मधलं बेअरिंग) आणि मजुरी मिळून आणखी 3,450.

शिवाय रोजच्या 14 किलोमीटर डांबरी रस्त्याला पुढचं सस्पेन्शन आणि गुटक्यांचे जाड टायर लागतच नाहीत. स्वस्त सस्पेन्शन वजन वाढवतं आणि पायाचा जोर खातं. साधा, सस्पेन्शन नसलेला फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि 35 मिमीचे टायर असलेली हायब्रिड सायकल मागा. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर वरच्या दांडीला अंग लागत असेल तर साइज मोठा आहे, “सीट खाली करून देतो” हे ऐकू नका.

चौकीत तीन फेऱ्या झाल्या. पहिल्यांदा “साहेब नाहीत”, दुसऱ्यांदा “हा दिवाणी मामला, इथे कशाला आलात”, तिसऱ्यांदा अर्ज घेतला पण पोच दिली नाही. घासलेला फ्रेम नंबर दाखवला, तर जागेवरून उठून पाहिलाही नाही. नंबर घासलेलं वाहन विकणं हा दिवाणी मामला कसा? 5 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार ग्राहक आयोगात शुल्काशिवाय करता येते, मुदत 2 वर्षं, एवढंही तिथे कुणी सांगितलं नाही. तक्रार आता तिकडेच केली आहे. पैसे यूपीआयने दिले होते म्हणून निदान तारीख आणि रक्कम तरी सिद्ध होते.