वर्षभराची वर्गणी आणि आठकॉलमी मथळे

गेल्या गुढीपाडव्याला एका मोठ्या मराठी दैनिकाच्या नाशिक आवृत्तीची वर्षभराची वर्गणी मी एकरकमी भरली. आगाऊ पैसे भरणाऱ्याला अंक रोजच्या किमतीपेक्षा स्वस्त पडत होता आणि प्रवेशिकेवर सगळी कूपने चिकटवून दिल्यास एक भेटवस्तूही मिळणार होती. आता मुदत संपली आहे, नूतनीकरणासाठी प्रतिनिधीचे दोनदा फोन येऊन गेले आहेत, आणि होकार देण्याआधी वर्षभरात पदरात काय पडले याचा हिशेब मांडावा म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. दैनिकाचे नाव देत नाही. १८४०पासून चालत आलेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात बसून चार दैनिकांचे अंक शेजारी शेजारी उघडून पाहिले, तेव्हा नाव बदलले तरी यातली बरीचशी वाक्ये तशीच ठेवता येतील असे दिसून आले.

अंक घरपोच येण्याबद्दल तक्रार नाही. भर पावसातही तो सहाच्या आत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून दारात पडलेला असे, आणि त्याचे श्रेय दैनिकापेक्षा आमच्या विक्रेत्याला जाते. छपाई स्वच्छ आहे. सणासुदीला मात्र पहिले पान शोधावे लागते, कारण ते सोने, दुचाकी आणि गृहप्रकल्पांच्या दोन-दोन जॅकेटांखाली, म्हणजे अंकाला बाहेरून गुंडाळलेल्या जाहिरातींच्या पानांखाली, दडलेले असते. याची सवय होते.

सवय झाली नाही ती त्या पानावरच्या भाषेची. ‘हादरले’, ‘खळबळ’, ‘थरार’, ‘राडा’, ‘सपासप’ अशा मोजक्या शब्दांवर ते पान रोज उभे राहते. चोरी झाली की खळबळ, बिबट्या दिसला की थरार, दोन गटांत बाचाबाची झाली की राडा. आणि नाशिक इतक्या वेळा हादरले की परगावच्या वाचकाला हे शहर भूकंपाच्या पट्ट्यात असावे असे वाटेल. खुनाच्या बातमीत हत्यार कोणते, वार किती आणि संबंध कसले याची वर्णने इतकी सविस्तर असतात की तपास कुठवर आला हे सांगायला जागाच उरत नाही.

गोदावरीच्या पुराचे उदाहरण घेऊ. नाशिककर पूर गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, की डोक्यावरून गेले एवढे सांगितले की जुन्या माणसाला चित्र डोळ्यांपुढे दिसते. त्याच्या जोडीला गंगापूर धरणातून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे आणि होळकर पुलाखालून किती पाणी जात आहे, हे दोन आकडे मिळाले, तर सराफ बाजारातल्या दुकानदाराला माल वर हलवायचा की नाही हे ठरवता येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे एका ओळीत सांगितले तर त्या आकड्याचा अंदाज घरात बसलेल्यालाही येईल. आमच्या अंकात ‘गोदामाई कोपली’ असा आठकॉलमी मथळा होता, ड्रोनने टिपलेले भलेमोठे छायाचित्र होते, आणि विसर्गाचा आकडा सातव्या पानावर होता, तोही आदल्या सायंकाळचा.

गुन्हेवृत्ताबाबतची माझी तक्रार याहून गंभीर आहे. अत्याचारपीडितेची ओळख उघड करण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ने मनाई केली आहे, आणि बालकांच्या बाबतीत २०१२च्या पोक्सो कायद्याचे कलम २३ तर नावापुरते न थांबता पत्ता, कुटुंबाचा तपशील, शाळा आणि परिसर यांचाही स्पष्ट उल्लेख करते. अंकात नाव अर्थातच नव्हते. पण वसाहत, मुलीची इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय अशा तिन्ही गोष्टी एकाच बातमीत होत्या, आणि त्या वसाहतीत राहणाऱ्या कोणालाही याहून अधिक काही सांगण्याची गरज नव्हती. आत्महत्येच्या बातम्या ठळकपणे छापू नयेत आणि पद्धतीचे वर्णन करू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९मध्ये स्वीकारली. आमच्याकडे एका विद्यार्थ्याच्या चिठ्ठीतला मजकूर रंगीत चौकटीत आला. परिषदेकडे तक्रार करता येते, मात्र १९७८च्या कायद्याने तिला ताकीद देण्याचा, कानउघाडणी करण्याचा आणि निषेध नोंदवण्याचाच अधिकार दिला आहे. दंड ती करू शकत नाही. मी संपादकांना पत्र लिहिले. त्याला उत्तर आले नाही, पण त्याआधी खड्ड्यांविषयी पाठवलेले माझे दुसरे पत्र पुढच्याच आठवड्यात छापून आले.

प्रकरण खून-मारामारीपुरते असते, तर ती पाने उलटून पुढे जाता आले असते. पण आता तोच सूर पाण्याच्या आणि कांद्याच्या बातम्यांनाही लागला आहे. २०२३च्या पावसाळ्यानंतर नाशिक आणि नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वाद पेटला, तेव्हा मी हेच दैनिक सुटे विकत घेत असे. नाशिक आवृत्तीचा मथळा ‘नाशिकचे पाणी पळवले’ असा होता. संभाजीनगरला राहणाऱ्या आतेभावाने त्याच दैनिकाच्या तिथल्या आवृत्तीचे छायाचित्र पाठवले, त्यात ‘हक्काचे पाणी अडवले’ असे छापले होते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा २००५चा कायदा समन्यायी वाटपाबद्दल काय म्हणतो, वरच्या धरणांतून किती पाणी सोडायचे हे ठरवणारे मेंढेगिरी समितीचे सूत्र काय आहे, आणि १५ ऑक्टोबरला जायकवाडीत किती साठा आहे यावर हा निर्णय का ठरतो, हे दोन्ही ठिकाणच्या वाचकांना कळायला हवे होते. ते दोन्ही आवृत्त्यांत नव्हते. भांडणाच्या दोन्ही बाजूंना एकाच छापखान्यातून शिव्या पुरवण्याची ही सोय मला त्या गुन्हेवृत्तांपेक्षाही अस्वस्थ करून गेली.

कांद्याची कथा थोडक्यात सांगतो. केंद्राने ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, मे २०२४मध्ये बंदी उठवली, आणि शुल्क पूर्णपणे हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. भाव चढला तरी ‘कांद्याने रडवले’ आणि पडला तरी ‘कांद्याने रडवले’. कोणाला रडवले हे समजण्यासाठी बातमी वाचावी लागते, आणि तिच्यातही धोरणाची ही तारीखवार साखळी क्वचितच असते.

सनसनाटी आजची नाही, हे मान्य केले पाहिजे. १९५९च्या नानावटी खून खटल्यात ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपी नौदल अधिकाऱ्याच्या बाजूने कसे रान उठवले हे आमच्या वडिलांच्या पिढीला पाठ होते. सांजदैनिकांचाही स्वतःचा वाचक होता आणि सीबीएस बसस्थानकावर गाडीची वाट पाहताना आपण काय विकत घेतो आहोत हे त्याला पक्के ठाऊक असे. फरक पडला तो पहाटे दारात पडणाऱ्या अंकाने सांजदैनिकाचा वेष उसना घेतल्यामुळे. १९९४च्या सुमारास दिल्लीत ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने अंकाची किंमत उतरवून जे दरयुद्ध छेडले, त्यानंतर देशभर हा व्यवहार अधिकाधिक जाहिरातींवर विसंबत गेला. माझ्या वर्गणीत वर्षभराचा कोरा कागदही आला नसता, ही गोष्ट मी योजनेत पैसे भरताना सोयीस्करपणे विसरलो होतो. शिवाय खुनाची बातमी स्वस्तात तयार होते: पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक आयते मिळते, तर पाणीवाटप समजून घ्यायला वार्ताहराचे चार दिवस जातात.

त्या वार्ताहरांना ते जमत नाही असे मात्र नाही, आणि म्हणूनच राग येतो. तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या निवासासाठी, झाडे तोडण्याचा प्रश्न पेटला असताना याच दैनिकाच्या आतल्या पानावर एक मालिका आली होती. हरकतींची मुदत, महापालिकेचे म्हणणे आणि वृक्षप्रेमींचे आक्षेप त्यात एकही ‘खळबळ’ न माजवता मांडले होते. लासलगाव बाजारातले कांद्याचे किमान, कमाल आणि सरासरी भाव, धरणांचा दलघफूमधला (दशलक्ष घनफुटांतला) साठा, कोणत्या भागात पाणी येणार नाही याची सूचना आणि निधनवार्ता ही पाने वर्षभर चोख होती. आमच्या घरी अंक मागून पुढे वाचण्याची पद्धत त्यामुळेच पडली.

पहिल्या पानावरच्या मोठ्या बातम्यांचे पुढे काय होते हे पाहावे म्हणून मी कात्रणे ठेवू लागलो. सात कॉलममध्ये ‘मास्टरमाइंड’ ठरलेला एक आरोपी काही महिन्यांनी निर्दोष सुटला, त्याला आठव्या पानावर तीन ओळी मिळाल्या. बाकीच्या बहुतेक कात्रणांना जोडायला दुसरे कात्रण मिळालेच नाही. या खटाटोपात एका बातमीच्या पाठीमागचे कूपन कापले गेले, त्यामुळे माझी प्रवेशिका अपुरी राहिली आणि भेटवस्तूच्या काउंटरवरून ती नम्रपणे परत मिळाली.

शेतकरी, व्यापारी आणि धरणांकडे डोळे लावून बसणाऱ्यांसाठी आतली पाने पैसे वसूल करून देतात. शाळकरी मुले मोठ्याने मथळे वाचतात अशा घरासाठी मी या अंकाची शिफारस करणार नाही. पाचपैकी दोन गुण देतो, आणि त्यातला एक विक्रेत्याचा आहे. प्रतिनिधीला वार्षिक योजना नको असे कळवले. महिन्याचे बिल घेऊन आलेल्या विक्रेत्याला अंकही बंद करू का असे विचारले, तेव्हा तो म्हणाला, “पावसाळ्यापर्यंत तरी राहू द्या काका, विसर्गाचे आकडे लागतील.” राहू दिला आहे.