तयार डिलिव्हरी बॅग: थैली मजबूत, आतला माल अर्धाच

तालुक्याच्या बाजारलाईनमध्ये जनरल स्टोअर्सवर आणि काही मेडिकलवर साडेआठशे ते बाराशे रुपयांत तयार डिलिव्हरी बॅग मिळते. समोरून पारदर्शक प्लास्टिक, आत सगळं घड्या घालून मांडलेलं. सरकारी दवाखान्यात बाळंतपण करायचं असेल तर यातलं कामाचं किती?

थैली चांगली आहे. चेन जाड, तळाला रबरी कापड, त्यामुळे वॉर्डातल्या ओल्या फरशीवर ठेवली तरी कपडे भिजत नाहीत. बाळाची ३ झबली बंदांची आहेत, म्हणजे डोक्यावरून ओढावी लागत नाहीत. टोपडी २, मोजे २ जोड, पुरतात.

खरी उणीव कापडाची. बाळ झाल्याबरोबर सिस्टर दोन कापडं मागतात, एक पुसायला आणि दुसरं गुंडाळायला. पुसलेलं ओलं कापड अंगावर तसंच राहिलं तर बाळ लगेच गार पडतं, म्हणून दोन. बॅगेत आहे एकच दुपटं, तेही फ्लीसचं. ते पाणी शोषत नाही, नुसतं पसरवतं. शिवाय मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा त्यात गुंडाळलेल्या बाळाचं अंग तापतं आणि घरचे घाबरतात. त्यापेक्षा आजीचं जुनं सुती लुगडं काढा. मीटरभराचे ५-६ तुकडे, लंगोटांसाठी १२-१५ लहान तुकडे. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. नवं कापड घेतलं तर खळ जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा, नाहीतर ते ओल धरत नाही. मोठ्यांतले २ तुकडे वेगळ्या स्वच्छ पिशवीत, सगळ्यात वर ठेवा. लेबर रूमच्या दारातून ‘कापड द्या’ अशी हाक आली की सोबतच्या बाईला अख्खी बॅग उपसावी लागू नये. डायपर ५ दिलेत. पहिल्या दोन दिवसांची काळी चिकट शी धुण्यापेक्षा ते वापरलेले बरे.

आईच्या नावाने मात्र हात आखडता घेतलाय. गाऊन एकच, आणि त्याची चेन जेमतेम गळ्याखाली येते, पाजायचं कसं? छातीच्या खालपर्यंत उघडणारे ३ गाऊन लागतात. पॅड पातळ, महिन्याच्या पाळीचे. बाळंतिणीला जाड, लांब पॅडची २ पाकिटं घ्या. एक पॅड तासाभरात पूर्ण भिजत असेल तर नुसतं बदलत बसू नका, लगेच सिस्टरला सांगा. निकर बॅगेत नाहीतच. गडद रंगाच्या, एक साईज मोठ्या, उंच कमरेच्या ५ ठेवा. सिझर झालं तर खालचं इलास्टिक नेमकं टाक्यांवर बसतं, परकराची नाडीही तिथेच काचते.

आता काढून टाकायच्या वस्तू. दुधाची बाटली, अंगाला लावायची पावडर, काजळ. पहिल्या तासात बाळाला आईचा चीकच पाजायचा असतो, आणि बाटली नीट उकळली नाही तर हगवण ठरलेली. बाटल्या फुकट देऊन त्यांचा खप वाढवायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, तरी पाकिटावर ‘फ्री’ लिहिलेलं दिसतं! पावडर उडून बाळाच्या श्वासात जाते. काजळात शिसं असू शकतं.

कागदांसाठी कप्पा नाही, हे सगळ्यात खटकतं. माता-बाल कार्ड, सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचा रिपोर्ट, आधार, आईच्या पासबुकाची झेरॉक्स. प्रत्येकी ३ प्रती प्लास्टिकच्या फाईलमध्ये. आधारवर सासरचं नाव आणि पासबुकावर माहेरचं असलं की बाळंतपणाच्या सरकारी योजनेचे पैसे अडकतात. हे सातव्या महिन्यातच दुरुस्त करा.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला साध्या डिलिव्हरीत ३ दिवस आणि सिझरमध्ये ७ दिवस जेवण मिळतं, १०२ नंबरची रुग्णवाहिकाही फुकट. सोबतच्या बाईला जेवण नाही. तिची चटई, चादर, मच्छरदाणी, ताट-गिलास, बादली-मग वेगळ्या पिशवीत भरा.

पहिलं बाळंतपण असेल तर खरेदीआधी आशाताईला बेबी केअर किटबद्दल विचारा. राज्याची ही योजना २०१९ पासूनची आहे. ते मिळालं तर झबली-टोपडी दोनदा घेतल्यासारखं होईल.

आमचं मत: पाचपैकी अडीच. दुकानदार बाटली, पावडर, काजळ काढून तेवढे पैसे कमी करत असेल तर घ्या. नसेल तर रिकामी थैली घेऊन बाकीचं सुटं भरा. आठवा महिना लागला की बॅग तयार हवी. गडचिरोली-मेळघाटात पावसाळ्यात नाले चढणाऱ्या गावांनी त्याहून आधी. तिथे माहेरघरात (सरकारी दवाखान्याजवळची गरोदर बायांची राहायची सोय) तारखेच्या आधीच जाऊन राहायचं असेल, तर आईचे रोजचे ३-४ जोड कपडे जास्तीचे घ्या.